पूर्वेच्या घरातून: बीजिंगच्या सिहेयुआनमध्ये अकरा महिने

गेल्या सप्टेंबरच्या अखेरीस बीजिंगच्या तुंगछंग भागात, एका हुतोंगमधल्या (हुतोंग म्हणजे इथली जुनी गल्ली) सिहेयुआनात दोन खोल्या भाड्याने घेतल्या. अकरा महिने झाले. या घरांचे फोटो भरपूर बघायला मिळतात, पण सगळे ऋतू इथे काढल्याशिवाय घर कळत नाही, म्हणून आत्ता लिहिते आहे.

सिहेयुआन म्हणजे मधे अंगण, चारी बाजूंना चार सुटी घरं. उत्तरेचं मुख्य घर दक्षिणेकडे तोंड करून, सगळ्यात उंच जोत्यावर. पूर्व-पश्चिमेला बाजूची घरं आणि दक्षिणेला गल्लीकडे पाठ केलेली रांग. मोठं दार आग्नेय कोपऱ्यात असतं आणि आत शिरलं की समोर विटांची आडवी भिंत येते, यिंगबी. दार सताड उघडं असलं तरी गल्लीतल्या माणसाला अंगण दिसत नाही.

वाड्यात वाढल्यामुळे मला पहिल्याच दिवशी खटकलं ते कोपऱ्यांचं सुटेपण. आपल्या वाड्याच्या चौकाभोवतीचे सोपे एकमेकांना जोडलेले, भर पावसातही कोरड्या पायांनी घरभर फिरता येतं. इथे अंगण ऐसपैस आणि घरं लांब लांब. याचं उत्तर डिसेंबरात मिळालं. २२ तारखेच्या सुमारास भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम २६-२७ अंश वर असतो. त्या आठवड्यात उत्तरेच्या घरात घरमालकीण आजींकडे चहाला गेले, तर ऊन त्यांच्या मागच्या भिंतीजवळच्या टेबलाच्या पायांपर्यंत पोचलेलं. दक्षिणेची रांग जवळ असती तर तिच्या सावलीत आजी गारठल्या असत्या. जूनमध्ये सूर्य ७३ अंशांवर चढला आणि तेच ऊन वळचणीखाली जोत्यावरच थांबलं. छप्पर किती पुढे काढायचं हे ज्यांनी ठरवलं त्यांना हे दोन्ही दिवस ठाऊक होते.

माझ्या खोल्या मात्र पूर्वेच्या घरात, म्हणजे तोंड पश्चिमेला. करारावर सही झाल्यावर आजींनी म्हण ऐकवली: पैसा असेल तर पूर्वेच्या आणि दक्षिणेच्या घरात राहू नये, हिवाळ्यात ऊब नाही, उन्हाळ्यात गारवा नाही. म्हण अक्षरशः खरी आहे. जुलैत दुपारी तीननंतर ऊन थेट पलंगावर येतं. हिवाळ्यात विजेचा साठवणीचा हीटर आहे, रात्रीच्या स्वस्त विजेवर आतल्या विटा तापतात आणि दिवसभर ऊब सोडतात. एवढं असूनही जानेवारीत दोन स्वेटर घालून जेवले.

आता कारागिरी. करड्या विटेला रंग दिलेला नसतो. भाजून झाल्यावर भट्टी बंद करून वरून पाणी सोडतात, आत प्राणवायू उरत नाही आणि मातीतलं लोह लाल होण्याऐवजी करडं राहतं. मोठ्या दाराजवळ वीट घासून घासून अशी बसवली आहे की सांध्यात नख शिरत नाही. ही श्रीमंती फक्त दर्शनी भागात असते. आतल्या भिंतींत विटांचे तुकडेही भरलेले असतात आणि ते चालतं, कारण छप्पर भिंतीवर नसतंच. ते खांब आणि तुळयांवर असतं, लाकडात लाकूड अडकवून. इथे म्हणतात, भिंत पडते, घर पडत नाही.

हे मी मे महिन्यात डोळ्यांनी पाहिलं. बाहेरच्या भिंतीत, खांबाच्या पायथ्याशी, भोकं असलेली एक कोरीव वीट असते. मी ती नक्षी समजत होते. भिंतीत गाडलेल्या खांबाला हवा मिळावी म्हणून ती असते. आमच्या घराला चिकटून एक स्वयंपाकखोली आहे, १९७६ च्या तांगशान भूकंपानंतर लोकांनी अंगणांत जे तात्पुरते निवारे उभारले त्यांतलीच एक, पुढे पक्की झालेली. तिच्यामुळे एक वीट झाकली गेली आणि आतला खांब तळखड्यापाशी कुजला. म्हातारा सुतार आला. तुळईला टेकू दिले, कुजलेलं लाकूड कापलं, नव्या लाकडाचा पाय खाचेत खाच घालून बसवला, वर लोखंडी पट्टी ठोकली. भिंत तिथे उकरलेली होती, तरी छपरावरचं एक कौल हललं नाही. मग त्याने ती भोकाची वीट नव्या जागी पुन्हा बसवून दिली. सिमेंटच्या भिंतीवर करडी टाइल चिकटवून जे ‘जुनं’ घर उभं करतात, त्यात अशी दुरुस्ती शक्यच नाही, आणि मला त्याचा मनापासून राग येतो.

गैरसोयी खऱ्या आहेत. संडास गल्लीतला, सार्वजनिक. उणे दहा तापमानात रात्री कोट चढवून जावं लागतं. एका कुटुंबाच्या घरात आज पाच कुटुंबं राहतात, त्यामुळे मूळ अंगणाचा निम्माच भाग उरला आहे. शेजारच्यांचं भांडण शब्दन् शब्द ऐकू येतं. लहान मूल किंवा गुडघ्यांचं दुखणं असेल तर घेऊ नका, उंबरठे उंच आहेत.

एप्रिलमध्ये अंगणातलं हायतांग (सफरचंदाच्या कुळातलं फुलझाड) फुलतं तेव्हा पाचही घरांतली माणसं स्टुलं घेऊन त्याच झाडाखाली बसतात.

माझा करार पुढच्या महिन्यात संपतो. पश्चिमेच्या घरातली एक खोली रिकामी होते आहे, तिला सकाळचं ऊन मिळतं. आजींना सांगून ठेवलं आहे.