तानपुरा सोफ्यामागे

गंगापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटचा हॉल बारा बाय सोळा. त्यात फाइव्ह पॉइंट वन, म्हणजे भोवती पाच स्पीकर आणि खर्जाचा एक सबवूफर, बसवायला शहरातल्याच एका दुकानाची दोन पोरं आली. वायरिंग सुरेख केलं, पट्टीतून नेलेलं, भिंतीला ओरखडा नाही. कौतुक इथवरच. मागचे दोन्ही स्पीकर त्यांनी छताच्या कोपऱ्यांत टांगले आणि "काका, थिएटर झालं बघा!" म्हणत हाणामारीचा सिनेमा लावला. मला ऐकायची होती सिंफनी.

ते गेल्यावर टेप आणि नातवाच्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बसलो. माझ्या बसायच्या जागेवरून पुढचे डावे-उजवे मधल्या रेषेपासून 30 अंशांवर, मागचे 110 च्या आसपास, सगळे कानाच्या उंचीला. आवाजाला एक मीटर कापायला साधारण 3 मिलिसेकंद लागतात, म्हणून सगळ्यांचा आवाज एकदम कानी पडावा यासाठी प्रत्येक स्पीकरचं अंतर मोजून रिसीव्हरमध्ये, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या यंत्रात, भरावं लागतं. त्यांनी सगळीकडे सरसकट 3 मीटर ठेवलेलं! सबवूफर निम्म्यावर आणला, तेव्हा कुठे चेलो माणसात आला.

माझ्या एसएसीडींवर, म्हणजे सराउंड ध्वनीही मावणाऱ्या सीडींवर, मागून वाद्यं फारशी येत नाहीत, येते ती सभागृहाची गुंज. मागचे बंद केले की खोली लगेच आक्रसते. आपल्या गाण्याच्या माझ्याकडच्या सीडी मात्र स्टिरिओच, दोन स्पीकरपुरत्या. त्यांना हौसेनं डॉल्बी सराउंड, म्हणजे दोघांचा आवाज पाचांत पसरवणारी सोय, लावलं, तर तानपुरा सोफ्यामागे जाऊन बसला. ही म्हणाली, "त्यालाही चहा टाकू का?"

वायरिंगला पाचपैकी पाच, कानाला दीड.