भरपाई विम्यातली फिजिओथेरपी: तपासणी चोख, सराव अपुरा

कामावरच्या दुखापतीचा खर्च देणाऱ्या भरपाई विम्यातून या फिजिओथेरपी केंद्रात येणाऱ्या, कंबर धरलेल्यांची पहिली तपासणी उत्तम. गोनिओमीटरने सांध्याची हालचाल अंशांत मोजतात, वेदना ० ते १० मध्ये नोंदवतात आणि कामात किती किलो, किती उंचीवर उचलावं लागतं तेही विचारतात. पुढची सत्रं मंजूर करून घ्यायला हेच आकडे कामी येतात. नुसतं ‘बरं वाटतंय’ लिहिलं की फाइल अडकू शकते.

गोची पुढे आहे. शेक आणि टेन्स (त्वचेवरून सौम्य वीजप्रवाह देऊन दुखणं दाबणारं यंत्र) यातच निम्मं सत्र जातं. दुखणं तेवढ्यापुरतं दबतं, ताकद येत नाही. कामावर परतलं की कंबर पुन्हा धरते. रिकामी पेटी, मग थोडं थोडं वजन, असा सराव मागूनच घ्या.

हलक्या कामाची चिठ्ठी मात्र नेमकी: ‘जड उचलू नये’ असं मोघम नाही, तर ‘५ किलोपर्यंत, तेही कमरेच्या उंचीवरून’.