दहा महिने, कमरेपर्यंतचे केस आणि भांडुप ते सीएसएमटी: क्लचर, स्क्रंची, अंबाडा पिन आणि आकडे (म्हणजे यू पिना)

मागच्या सप्टेंबरात, नवरात्राच्या आधी, मी केसांना लावायच्या वस्तूंवर एकाच महिन्यात दोन-अडीच हजार खर्च केले. एरवी मी एवढे करत नाही पण तेव्हा कपाळाच्या दोन्ही बाजूंना केस विरळ दिसायला लागले होते आणि स्किनच्या डॉक्टरांनी बघितल्या बघितल्या विचारलं, रोज घट्ट पोनी घालता का? घालते ना, पंधरा वर्षं घालतेय, कारण सकाळच्या गाडीत केस सुटले तर कुणाच्या तरी बॅगच्या चेनमध्ये अडकतात. त्या म्हणाल्या मुळं सतत ओढली जातायत, अजून लवकर आहे, बांधायची पद्धत बदललीत तर केस परत येतील, पण असंच चालू ठेवलंत तर ती जागा कायमची रिकामी राहू शकते. घरी आल्यावर मी आधी पोनीचं ते बारीक काळं रबर फेकून दिलं.

आता जून संपत आला म्हणजे दहा महिने होतायत आणि मधे नवरात्र, दिवाळी, एक लग्न, पाडवा, मे महिन्याचा घाम आणि आता पाऊस असं सगळं झालं, त्यामुळे लिहायला हरकत नाही. माझे केस कमरेपर्यंत, जाड, पावसाळ्यात फुगणारे. ज्यांचे पातळ आणि खांद्यापर्यंत आहेत त्यांचा अनुभव वेगळा येईल हे आधीच सांगते.

सुरुवात अर्थात क्लचरनेच केली, म्हणजे तो स्प्रिंगचा, दातांचा मोठा चिमटा. एक ॲसिटेटचा, ऑनलाइन मागवलेला, साडेसहाशे रुपयांचा, आणि चार आपल्या लेडीज डब्यात त्या ताई हँगरवर लटकवून आणतात त्यांच्याकडचे, तीस रुपयाला एक. साडेसहाशे ऐकून आईने कपाळाला हात लावला होता. पण दोन्ही हातात घेतले की फरक लगेच कळतो. साधा क्लचर साच्यात प्लास्टिक ओतून करतात त्यामुळे दातांच्या कडेने एक बारीक रेघ उरते, बोट फिरवलं तर खरखरते, आणि केस नेमके तिथेच अडकून तुटतात. ॲसिटेटचा जाड पत्र्यातून कापून, गरम करून वाकवून मग पॉलिश करतात, त्यामुळे दात गुळगुळीत. हे सेल्युलोज ॲसिटेट लाकडाच्या नाहीतर कापसाच्या लगद्यापासून होतं, चष्म्याच्या चांगल्या फ्रेम पण ह्याच्याच असतात. रंग पूर्ण जाडीतून असतो म्हणून दहा महिन्यांत माझा कुठे सोललेला नाही. माझ्यावर ती तपकिरी-पिवळी कासवाच्या पाठीसारखी नक्षी आहे. पूर्वी खरोखर हॉक्सबिल नावाच्या समुद्री कासवाच्या कवचाच्या फण्या आणि पिना करायचे, आता आपल्या 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पूर्ण संरक्षण आहे. नक्षी प्लास्टिकवर राहिली आणि कासव समुद्रात राहिलं हे मला फार बरं वाटतं.

तीसवाल्या चारपैकी दोन दिवाळीपर्यंत गेले. एकाची स्प्रिंग उडाली आणि दुसरा गर्दीत मोडला, म्हणजे घाटकोपरला लोंढा आत आला, मागून दाब आला आणि डोक्यावरच कडकन आवाज झाला. मला काही झालं नाही पण मागच्या बाईच्या हनुवटीला ओरखडा आला, आणि ते माझ्या मनातून बरेच दिवस गेलं नाही. तेव्हापासून गर्दीच्या गाडीत मी क्लचर लावतच नाही, महागडा पण नाही. पर्समध्ये ठेवते, सीएसएमटीला उतरले की लावते. आणि बसायला मिळालं तरी मागे डोकं टेकता येत नाही, दात टाळूत रुततात. गाडी चालवणाऱ्या बायकांनी तर हे लक्षात ठेवाच, जोरात ब्रेक लागला आणि डोकं हेडरेस्टवर आपटलं तर मधे तो क्लचर असतो.

पण ऑफिसमध्ये आणि घरी ॲसिटेटचा क्लचर मस्तच. दिवसात दहा वेळा काढला-घातला तरी ओढ बसत नाही, वजन एका ठिकाणी न येता पसरतं. दोन गोष्टी मला उशिरा कळल्या. पहिली म्हणजे नुसती लांबी बघू नका, बाजूने धरून पोटाची खोली बघा, जाड केसांना खोल पोटाचा लागतो नाहीतर अर्ध्या तासात घसरतो, आणि आतल्या बाजूला दातांची दुसरी ओळ असेल तर उत्तमच. दुसरी म्हणजे नेलपेंट रिमूव्हरपासून लांब ठेवा, ॲसिटोनमध्ये ॲसिटेट विरघळतं. माझ्या एका दातावर एक थेंब पडला तर तिथे लगेच चिकट पांढरट डाग आला, तो आहे अजून.

आणि स्प्रिंग! हे कुणीच सांगत नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात भिजून आले, ओल्या केसांवरच क्लचर लावला आणि रात्री पांढऱ्या टॉवेलवर नारिंगी डाग. आपल्याकडची हवा खारट, दमट, वरून केसात खोबरेल आणि घाम, कुठलीही लोखंडी स्प्रिंग गंजणारच. मी आता दर रविवारी सगळे क्लचर कोरड्या फडक्याने पुसते आणि शिलाई मशीनचं तेल एक थेंब स्प्रिंगवर सोडून परत पुसून घेते. साडेसहाशे घेता तर स्प्रिंग स्टीलची द्या असं मी त्या कंपनीला लिहिलं होतं, उत्तर आलं नाही. नाव लिहीत नाही कारण बाकी वस्तू खरंच चांगली आहे.

स्क्रंचीचं, म्हणजे कापडात गुंफलेल्या सैल रबराचं, थोडक्यात. नवरात्राच्या नऊ रंगांच्या नऊ घेतल्या होत्या, आमच्या डब्यात सगळ्या जणी रंग पाळतात, आठव्या दिवशी मोरपिशी मिळाली नाही म्हणून अख्खं क्रॉफर्ड मार्केट पालथं घातलं होतं. रोजच्या सैल वेणीच्या टोकाला आणि रात्री झोपताना एकदम छान, केसांवर वळ पडत नाही. पण सॅटिन म्हणजे सिल्क नव्हे एवढं लक्षात घ्या. सॅटिन हे विणीचं नाव आहे आणि बाजारातली बहुतेक सॅटिन पॉलिस्टरची असतात, त्यामुळे सिल्कचा भाव सांगितला तर देऊ नका. जाड केसांचा अंबाडा स्क्रंचीवर टिकत नाही, दादर येईपर्यंत सुटतो. टेलिफोनच्या वायरसारखं गुंडाळीचं रबर येतं ते पण वापरलं, सैल पडलं की गरम पाण्यात टाकायचं, परत आवळतं. पण काढताना गुंता होतो. लेकीला दिलं, तिचे छोटे केस आहेत, तिला चालतंय.

अंबाडा पिनचा अनुभव मात्र वाईट. जर्मन सिल्व्हरची, वर मोर, खाली घुंगरू, अडीचशे रुपये, दिसायला इतकी सुंदर की ऑफिसात तीन जणींनी कुठून घेतली विचारलं. दोन आठवड्यांत मानेच्या वर, पिन जिथे टेकते तिथे, खाज आणि लाल पुरळ. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाल्या निकेलची ॲलर्जी. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नसतेच मुळी, तांबं, निकेल आणि जस्त असतं, हे मला त्या दिवशी कळलं. ज्यांना खोट्या कानातल्यांनी कान चिघळतात त्यांनी ही पिन घेऊच नका. त्याऐवजी मी शिसवी लाकडाची साधी काडी घेतली, एका टोकाला थोडंसं कोरीवकाम. पॉलिश तीन महिन्यांत गेलं, पण गंमत म्हणजे पॉलिश गेल्यावर ती जास्त चांगली धरते, केस घसरत नाहीत. फक्त ओल्या केसात ठेवू नका, फुगते.

मे महिन्यात मावसबहिणीचं लग्न होतं, दादरला. मेकअपवाल्या मुलीने माझ्या डोक्यात किती काळ्या पिना खोचल्या असतील, रात्री सोडवताना मोजल्या तर चौतीस. पण तिच्याकडून एक गोष्ट शिकले, ह्या पिनांची नागमोडी बाजू टाळूकडे ठेवायची आणि सपाट बाजू वर. मी आयुष्यभर उलटी लावली. खरंच पकडतात तशा. त्या दिवशी खड्यांचं एक मोठं ब्रोच पण लावलं होतं, सातशेचं. हॉलमध्ये उकाडा, घाम, जेवणं होईपर्यंत पाच खडे गळले, कारण ते नुसते गोंदाने चिकटवलेले. खड्यांचं घेणार असाल तर मागून बघा, प्रत्येक खड्याला धातूच्या छोट्या नख्यांनी पकडलेलं असलं तरच पैसे द्या.

आता ज्याच्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते. आकडे. आजीच्या भाषेत आकडे, दुकानात यू पिन म्हणून मागा. पाडव्याला नऊवारी नेसायची म्हणून दादरच्या फूल मार्केटातून सकाळी सहाला मोगऱ्याचे गजरे आणले, केळीच्या सोपात गुंफलेले, आणि अंबाडा घालायला आजीकडे बसले. आजी चौऱ्याऐंशीची, हात थरथरतात. तिने क्लचर बाजूला ठेवला, काड्या बाजूला ठेवल्या आणि तिच्या डब्यातले पाच आकडे काढले, पितळेचे, काळे पडलेले. केस सैल पिळले, गोल गुंडाळले आणि आकडा आधी उलटा धरला, म्हणजे टोकं अंबाड्याच्या बाहेरच्या दिशेला, कडेचे थोडे केस त्याच्यात घेतले, मग तिथल्या तिथे आकडा फिरवून अंबाड्याच्या आत, टाळूला समांतर सरकवला. बस्स. चार बाजूंनी चार आणि पाचवा गजऱ्याला. मी म्हटलं आजी, सैल वाटतोय गं, पडेल. ती म्हणाली, "पडायचा असता तर तुझ्या पणजीचा विहिरीवर पाणी भरताना पडला असता."

सकाळी नऊपासून शोभायात्रा, उन्हात चालणं, दुपारी जेवण, रात्री परत येताना गच्च भरलेली गाडी. अंबाडा जसाच्या तसा. आणि मुख्य म्हणजे रात्री सोडला तेव्हा टाळू दुखत नव्हती. ज्यांचं रोज डोकं बांधलेलं असतं त्यांनाच कळेल मी काय म्हणतेय, केस सोडल्यावर मुळांशी जी ठणक लागते ती नव्हतीच.

मी नंतर विचार केला की असं का. रबर आणि क्लचर बाहेरून आवळतात, सगळा जोर तेवढ्याच जागी. आकडा काही आवळत नाही, तो अंबाड्यातले केस डोक्यावरच्या केसांना आतून नुसता गुंतवतो, केसांचा पीळच केसांना धरतो. आणि तो सपाट बसतो, मागे टेकलं तरी रुतत नाही, कुणाला लागत नाही.

पाडव्यापासून गाडीत मी रोज आकडेच लावतेय. पहिले दहा दिवस जमत नव्हतं, भांडुपला घातलेला अंबाडा कुर्ल्याला सुटायचा, मी आकडा फिरवायचं विसरून नुसता खोचत होते. आमच्या गाडीतल्या एका काकूंनी उभ्या उभ्या दोनदा करून दाखवलं तेव्हा हात बसला. आता आरशाशिवाय चाळीस सेकंदांत होतो. आजूबाजूच्या तिघी जणींनी घेतले, त्यातल्या एकीचे केस खूप पातळ आणि रेशमासारखे आहेत, तिच्या मात्र सटकतात, तिला लाटांसारखे वळण असलेले आकडे घ्यायला सांगितलंय.

कपाळाच्या बाजूला बारीक बारीक नवीन केस आलेत. ह्यात डॉक्टरांनी दिलेलं लोशन पण आहे, सगळं श्रेय आकड्यांना देत नाही. पण लोशन तीन महिन्यांपूर्वी बंद झालं आणि केस अजून येतायत.

घ्यायचे असतील तर भुलेश्वरला नाहीतर दादरच्या रानडे रोडला कटलरीच्या दुकानात बघा, मला वीसचं पाकीट चाळीसला मिळालं. घेताना टोक बोटावर हलकं फिरवून बघा, टोचलं तर ठेवून द्या, टोकाला गोल बोंड असलेले आले तर त्यांचं बोंड नीट पक्कं आहे ना ते बघा कारण ते निघालं की खालची तार टाळू खरवडते. दोन इंचाचे केसांच्या कडेला, अडीच-तीन इंचाचे जाड अंबाड्याला. काळा रंग पावसाळ्यात उडतो आणि गंज येतो, तो आला की टाकून द्यायचे, चाळीस रुपयांत जीव नको अडकवायला. पितळेचे कुठे मिळत असतील तर कुणीतरी मला कळवा, आजीचे पाचच आहेत आणि ते ती मला देणार नाहीये, रोज सकाळी तिला स्वतःला लागतात.