मॅकशेन यांचा बायबल-वाचनक्रम: दहा महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गेल्या १ जानेवारीपासून मी रॉबर्ट मरे मॅकशेन यांनी आखलेला वार्षिक बायबल-वाचनक्रम वापरत आहे. आता ऑक्टोबर संपत आला आहे. आमच्या पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, मंडळीतील प्रत्येक घराला या क्रमाचा एक छापील कागद दिला, तेव्हा मी तो फार आशेने घेतला नव्हता, कारण याआधी चार वेळा मी वर्षारंभी उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून वाचन सुरू केले होते आणि चारही वेळा फेब्रुवारीच्या मध्यावर, निर्गम या दुसऱ्या पुस्तकातील निवासमंडपाची मापे येताच, ते सुटले होते. हर्णैजवळ आमची हापूसची चाळीस कलमे आहेत. दापोलीच्या परिसरातील आम्ही सात-आठ कुटुंबे दर रविवारी आळीपाळीने एकमेकांच्या घरी उपासनेला जमतो. शिष्यत्वाची, म्हणजे येशूमागे चालण्याची, रोजची सवय घरात कशी रुजते आणि कुठे अडते, हे माझ्यासारख्या कामाच्या माणसाला उपयोगी पडेल, या हेतूने हा अनुभव लिहीत आहे.

आधी या क्रमाची रचना सांगतो. मॅकशेन हे स्कॉटलंडमधील डंडी शहराचे पाळक होते आणि १८४२ च्या अखेरीस त्यांनी हा क्रम आपल्या मंडळीसाठी तयार केला. रोज चार ठिकाणचे अध्याय वाचायचे असतात. त्यांपैकी दोन कुटुंबाने एकत्र वाचायचे आणि दोन एकट्याने, एकांतात. वर्षभरात जुना करार एकदा, तर नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा वाचून होते. प्रॉटेस्टंट बायबलमध्ये १,१८९ अध्याय आहेत. नव्या कराराचे २६० आणि स्तोत्रांचे १५० दोनदा धरले, तर वर्षाचे वाचन सुमारे १,६०० अध्यायांचे होते. हा आकडा मी पहिल्या दिवशीच मांडून पाहिला असता, तर कदाचित कागद घडी करून बायबलमध्ये ठेवून दिला असता.

ज्या १८४३ सालासाठी हा क्रम होता, त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मॅकशेन टायफस तापाने वारले. त्यांचे वय २९ वर्षांचे होते. स्वतः आखलेले पहिले वर्षसुद्धा त्यांना पुरे करता आले नाही, ही गोष्ट कळल्यापासून मी या कागदाकडे अधिक जिव्हाळ्याने पाहू लागलो. आमच्या किनाऱ्याचे स्कॉटलंडशी जुने नाते आहे. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे काम मुंबई इलाख्यात सुरू झाले, तेव्हा बाणकोट आणि हर्णै ही त्यांची सुरुवातीची ठाणी होती. त्यामुळे हा क्रम मला परका वाटत नाही.

सुरुवातीला मी कागद बाजूला ठेवून एका मोफत ॲपवर हाच क्रम लावला. त्यात सलग किती दिवस वाचन झाले, याचा आकडा रोज वाढत जातो. पहिले पाच आठवडे तो आकडा पाहून उत्साह वाटला, मात्र हळूहळू असे होऊ लागले की रात्री अकराला डोळे मिटत असताना मी अध्याय बोटाने पुढे सरकवत होतो आणि सकाळी त्यातले एक वाक्य आठवत नव्हते. फेब्रुवारीत आई न्हाणीत घसरून पडली. तिच्या औषधपाण्यात बारा दिवस वाचन झाले नाही. आकडा शून्यावर आला आणि शेहेचाळीस-अठ्ठेचाळीस अध्याय थकले. ते भरून काढायचे म्हणून एका रविवारी दुपारी मी सलग चार तास बसलो. ईयोबाचे दुःख, पौलाचे करिंथकरांना लिहिणे आणि इस्राएलाचे मिसरातून निघणे हे सगळे त्या दुपारी एकमेकांत मिसळले, आणि संध्याकाळी मनात उरला तो केवळ थकवा.

हे मी पाळकांना सांगितले, तेव्हा त्यांनी मॅकशेन यांनी या क्रमासोबत लिहिलेल्या पत्राचा आशय मला समजावला. आपल्या योजनेचे फायदे सांगण्याआधी मॅकशेन तिचे धोके सांगतात: वाचन हा कोरडा उपचार बनेल, वाचणाऱ्याला स्वतःच्या धार्मिकतेचा अभिमान वाटू लागेल, घाईने आणि निष्काळजीपणे वाचले जाईल, किंवा एखाद्याला हे जू वाहवणार नाही. पहिले तीन धोके मी दोन महिन्यांत अनुभवले होते आणि चौथ्याच्या उंबऱ्यावर उभा होतो. हे पत्र कागदासोबत छापायला हवे होते. ज्या मंडळ्या हा क्रम वाटतात, त्यांनी पत्राचा सारांश मागच्या बाजूला अवश्य द्यावा, ही माझी कळकळीची विनंती आहे.

त्या दिवसापासून मी दोन बदल केले. राहिलेला दिवस राहिला असे मानायचे आणि आजच्या तारखेपासून पुढे जायचे, हा पहिला बदल. वाचन घड्याळाला न बांधता रोज न चुकता होणाऱ्या एखाद्या कामाला बांधायचे, हा दुसरा. आमच्याकडे सकाळी न्हाणीतली चूल पेटवली की पाणी कढत व्हायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. पूर्वी मी त्या वेळात पडवीवर बसून मोबाइल पाहत असे. आता बायबल आणि वही तिथल्या कोनाड्यात ठेवलेली असते. चूल पेटली की एकांताचे दोन अध्याय वाचतो आणि पाणी तापेपर्यंत प्रार्थना करतो. चूल रोज पेटतेच, म्हणून वाचनही होते. सवय लागण्याचे माझ्या बाबतीतले खरे कारण एवढे साधे आहे. मोबाइल मात्र त्या वेळी घरातच राहतो आणि वाचन छापील पवित्र शास्त्रातूनच होते.

कुटुंबाचे दोन अध्याय आम्ही दिवेलागणीनंतर वाचतो. सुरुवातीला मुले कंटाळली. मग प्रत्येकाने अध्यायातील काही ओव्या, म्हणजे क्रमांक दिलेली वचने, वाचायच्या, असे पत्नीने ठरवले आणि चित्र बदलले. आईला बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती ऐकते; पण स्तोत्र सुरू झाले की मधेच एखादे जुने गीत गुणगुणू लागते. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांची भजने तिला पाठ आहेत. टिळक याच रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे, हे ती दर वेळी मुलांना अभिमानाने सांगते. छापील क्रमात गाण्याला जागा नाही, आमच्या घरात ती आईने करून दिली.

एप्रिलमध्ये कुटुंबाच्या वाचनात लेवीय हे जुन्या करारातील पुस्तक येते. आंब्याच्या ऐन हंगामात होमबलींचे आणि अन्नार्पणांचे नियम वाचायचे, म्हणजे परीक्षाच होती, आणि काही संध्याकाळी आम्ही अर्धाच अध्याय वाचला, हे मान्य करतो. पण महिन्याच्या मध्यावर एकोणिसावा अध्याय आला. मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत आपल्याकडे ठेवू नये, अशी आज्ञा त्याच्या तेराव्या ओवीत आहे. आमच्याकडे झेल्याने आंबे उतरवणारे चार गडी येतात. वाशीच्या बाजारात पेट्या विकल्या जाऊन दलालाकडून पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब, आणि पैसे आले की गड्यांचा हिशेब करायचा, अशी माझ्या वडिलांपासूनची रीत होती आणि कधी कधी त्यात तीन आठवडे जात. मुलीने ती ओवी वाचली. थोडा वेळ कुणी बोलले नाही. मग आईने विचारले, "गड्यांचा हिशेब झाला काय रे?" मी म्हणालो, "अजून पट्टी आलेली नाही, आई." ती म्हणाली, "पट्टी तुझी. त्यांची चूल आजची."

दुसऱ्या दिवशी मी सोसायटीतून थोडी रक्कम उचलली आणि तेव्हापासून हंगाम संपेपर्यंत रोज संध्याकाळी, गडी घरी जाण्याआधी, मजुरी हातात दिली. यात मला व्याजाचा भुर्दंड बसला आणि दोन वेळा हात फार आखडला. तरीही दहा महिन्यांत या वाचनाने माझ्या आयुष्यात घडवलेली ही सर्वांत ठोस गोष्ट आहे. याच अध्यायात खऱ्या तागडीची आणि खऱ्या वजनांची आज्ञा आहे, शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी ठेवण्याची आज्ञा आहे; लेवीय कंटाळवाणे म्हणून जे ते वगळतात, त्यांनी निदान हा एक अध्याय वगळू नये.

वहीबद्दल लिहिले पाहिजे. मी दोनशे पानी साधी वही घेतली आणि प्रत्येक पानावर तीन ओळी लिहितो: आज काय वाचले, देवाविषयी काय कळले, आज काय करायचे. मार्चमध्ये चौथी ओळ वाढवली, ती म्हणजे "केले का?" पहिल्या तीन ओळी बहुतेक पानांवर भरलेल्या आहेत, चौथी निम्म्याहून अधिक पानांवर कोरी आहे. ती कोरी जागा पाहताना मला दुःख होते. तरी ती ओळ काढू नये असे मला वाटते, कारण शिष्य हा ऐकणारा आणि गुरूमागे चालणारा असतो, आणि नुसते वाचन मोजले तर चालण्याचा हिशेब कुठेच राहत नाही. वधस्तंभ उचलून मागे येण्याचे येशूचे बोलावणे मत्तय, मार्क आणि लूक या तिघांनीही आपापल्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, नोंदवले आहे, पण "दररोज" हा शब्द केवळ लूकच्या नवव्या अध्यायात आहे. फेब्रुवारीच्या शेवटी तो अध्याय वाचला, त्या आठवड्यातच चौथ्या ओळीची कल्पना मनात आली.

नवा करार दोनदा वाचायचा, ही या क्रमातील मला सर्वांत शहाणपणाची वाटलेली योजना आहे. ५ जानेवारीला मत्तयाचा पाचवा अध्याय येतो. वेदीजवळ अर्पण आणताना भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा, असे त्यात सांगितले आहे. माझ्या चुलतभावाशी गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, हद्दीवरून सहा वर्षे बोलणे नव्हते. जानेवारीत मी वहीत त्याचे नाव लिहिले आणि पान उलटले. जूनच्या अखेरीस, एकांताच्या वाचनात, तोच अध्याय पुन्हा समोर आला. बाहेर पाऊस कोसळत होता, दोन दिवस वीज नव्हती, मोबाइलला रेंज नव्हती, आणि चुलीच्या उजेडात मी तीच ओवी वाचत होतो. या वेळी पान उलटवले नाही. दुपारी इरले घेऊन त्याच्या घरी गेलो. हद्द कुणाची यावर माझे मत बदललेले नाही आणि त्याचेही नाही, पण त्याच्या मृत वडिलांविषयी मी भांडणात जे बोललो होतो, त्याची क्षमा मागितली. त्याने बराच वेळ काही उत्तर दिले नाही. शेवटी वहिनींना म्हणाला, "चहा ठेव." गडग्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, मात्र गणपतीत त्याच्या घरचे मोदक आमच्याकडे आले आणि नाताळाला मी त्यांना बोलावणार आहे.

यात मंडळीतील एका काकांचा मोठा वाटा आहे. ते एसटीतून निवृत्त झालेले चालक आहेत. दर शनिवारी रात्री आठला त्यांचा फोन येतो. "वाचलंस का?" असे ते कधी विचारत नाहीत, "चौथ्या ओळीत काय लिहिलंस?" असे विचारतात आणि आपलेही सांगतात. त्यांच्याही चुका मोकळेपणाने ऐकायला मिळतात, म्हणून मला लपवावेसे वाटत नाही. रेंज नसलेल्या जुलैमध्ये ते रविवारच्या उपासनेनंतर मला बाजूला घेऊन तोच प्रश्न विचारत. एकट्याने ही सवय टिकवणारे लोक असतील, मी त्यांतला नाही.

उणिवाही सांगतो. एकाच दिवशी चार वेगळ्या ग्रंथांतून वाचल्याने मन विखुरते आणि संदर्भ लागायला वेळ जातो. संदेष्ट्यांच्या ग्रंथांत तर कोणत्या राजाचा काळ चालू आहे हे मला अनेकदा कळले नाही. जुन्या वळणाच्या मराठीतले काही शब्द मुलांना समजावून सांगावे लागतात, त्यामुळे संध्याकाळचे वाचन पंधरा मिनिटांत आटोपत नाही. क्रमात विसाव्याचा दिवस नाही, म्हणून रविवारी आम्ही केवळ उपासनेत झालेले वचन पुन्हा वाचतो. नुकताच विश्वासात आलेल्या व्यक्तीच्या हाती हा पूर्ण कागद देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. तिला एखादे शुभवर्तमान आणि रोज एक स्तोत्र पुरेसे आहे. लहान मुले, आजारी माणूस किंवा दोन पाळ्यांची नोकरी ज्या घरात आहे, त्यांनी चारपैकी दोनच रकाने घ्यावेत आणि हा क्रम दोन वर्षांत पुरा करावा.

आम्ही स्वतः पुढच्या वर्षी तेच करणार आहोत. कुटुंबाचे दोन रकाने सगळे मिळून वाचू आणि एकांताच्या वेळेत मी त्यांतलाच एक अध्याय दुसऱ्यांदा, सावकाश वाचेन. पुढच्या एप्रिलच्या मजुरीसाठी ठरलेली रक्कम वेगळ्या खात्यात ठेवायला या महिन्यापासून सुरुवात केली आहे, म्हणजे पट्टीची वाट पाहावी लागणार नाही.