टाचणीसाठी घेतलेली दुर्बीण : पॅपिलिओ ६.५×२१

चतुर पाहायला कुठलीही दुर्बीण चालते, टाचणीला, म्हणजे चतुराच्या बारीक, नाजूक भाऊबंद कीटकाला, नाही. माझी जुनी ८×४२ (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची) तीन मीटरच्या आतलं सगळं धूसर दाखवायची. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या ओढ्यावर फोकस मिळावा म्हणून मागे सरकत सरकत थेट घाणेरीच्या जाळीत बसलो, त्या दिवशी पेंटॅक्सची ही घ्यायचं ठरवलं. ही ५० सेंटिमीटरवरचंही स्पष्ट दाखवते.

परवा सप्टेंबरच्या उघडिपीत गेलो होतो. ओढ्याकाठी सावलीत, गवताच्या पात्यावर कोपेरा मार्जिनिपेस या टाचणीचा नर : काळपट अंग, पिवळेधमक पाय, पंख पाठीवर मिटलेले. शेजारच्या पात्यावर एक पांढरीफटक, पार भुतासारखी. ती नुकतीच कात टाकून बाहेर आलेली. रंग नंतर चढतो. डोळे डोक्याच्या दोन टोकांना, मधे चांगली ऐसपैस जागा. बहुतेक चतुरांचे एकमेकांना भिडलेले असतात. दुर्बीण बायकोच्या हातात दिली, तर म्हणे, “अहो, हिच्या पायांना काटे आहेत!” आहेतच. पंधरा वर्षं टाचण्या बघतोय, मला कधी दिसले नव्हते.

आता उणं. भिंगं २१ मिलिमीटरची, त्यामुळे दाट झाडीत चार वाजल्यानंतर चित्र मंदावतं. वॉटरप्रूफ नाही, मी कळण्याच्या भाकरीची रिकामी झालेली प्लॅस्टिकची पिशवी झटकून तिच्यात गुंडाळतो. स्वस्तही नाही. आणि निव्वळ पक्ष्यांसाठी घेणार असाल तर घेऊच नका.