थिएटर पाडायचं, फोडायचं की आहे तसं चालवायचं?

मृगाचा पाऊस सुरू झाला की आमच्या थिएटरच्या बाल्कनीत तीन बादल्या लागायच्या. मध्यंतर झालं की डोअरकीपर त्या ओतून यायचा. पब्लिकला सवय होती, ठिबकणाऱ्या खुर्च्या सोडूनच बसायचे. मग पत्रे बदलायचं कोटेशन आलं आणि घरात फाटाफूट झाली. धाकटे काका म्हणाले, विकून टाका. चुलतभावाला मल्टिप्लेक्स हवं होतं. वडिलांचं एकच, "चालतंय तोवर चालू द्या."

तुमच्या घरी सध्या हीच बैठक चालू असेल, तर आधी प्रॉपर्टी कार्ड काढून टेबलावर ठेवा. पिक्चर चालतात की नाही, हा नंतरचा प्रश्न. पुण्यात अप्पा बळवंत चौकाजवळचं 'प्रभात' २०१४ च्या अखेरीस बंद झालं, ते भाडेकरार संपला म्हणून. वास्तू मूळ मालकांकडे, किबे कुटुंबाकडे गेली आणि पुढच्याच वर्षी 'किबे लक्ष्मी' या नावाने पुन्हा पडदा उघडला. लालबागचं 'भारतमाता' मराठी चित्रपटाचं हक्काचं घर, पण जमीन राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाची. जागा दुसऱ्याची असेल तर पाडण्या-फोडण्याचा निर्णय तुमचा नसतोच. करार वाढवून घेणं एवढंच हातात राहतं.

जागा स्वतःची असेल तर पहिला मोह बिल्डरचा. एकरकमी पैसे, वाटण्या सोप्या, भांडण मिटलं. पण थिएटरची जागा साध्या प्लॉटसारखी मोकळी नसते. आपल्याकडे पुनर्विकासात ठराविक आसनांचं थिएटर ठेवण्याची अट येते आणि ती आली की बिल्डरचा आकडा खाली येतो. म्हणून इसार घेण्याआधी नगररचना विभागात लेखी विचारा. आमच्याकडे आलेल्या एका बिल्डरने ही गोष्ट तिसऱ्या बैठकीत, चहा झाल्यावर काढली.

मल्टिप्लेक्सचं नाव काढलं की सगळे मुंबईकडे बोट दाखवतात. 'मेट्रो' १९३८ चं. २००६ मध्ये त्याचे सहा पडदे झाले आणि ते टिकले. १९३८ मध्येच उघडलेलं 'इरॉस' २०१७ मध्ये बंद पडलं आणि २०२४ मध्ये परतलं ते आयमॅक्स, म्हणजे महाकाय पडद्याचं थिएटर होऊन. पूर्वी बाराशेच्या आसपास खुर्च्या होत्या, आता तीनशेच्या घरात. ते थेट चर्चगेट स्टेशनसमोर आहे, हेही लक्षात घ्या. तालुक्याच्या गावात, मागे पिठाची गिरणी आणि पुढे रिक्षा स्टँड असलेल्या जागेला तो हिशोब लावून चालत नाही.

छोट्या गावासाठी मला पटतो तो दोन पडद्यांचा मार्ग. बाल्कनीची पुढची बाजू बंद करून वर एक हॉल, खाली स्टॉलचा, म्हणजे तळमजल्यावरच्या खुर्च्यांचा दुसरा. मोठा पिक्चर आला की वितरक चारही खेळ मागतो, एकच पडदा असला की मराठीला दुपारसुद्धा उरत नाही. दोन असले की एक त्याला द्यायचा, दुसरा आपल्या मर्जीचा. मात्र वरच्या हॉलला वेगळा जिना आणि आगीच्या वेळी बाहेर पडायची वाट लागते. आमचं घोडं तिथेच अडलं, जिन्याची जागा शेजाऱ्याच्या हद्दीत जात होती.

मुंबईच्या रॉयल ऑपेरा हाऊससारखं जतन? सुंदर आहे, जाऊन बघा. १९९३ ला बंद झालेलं ते २०१६ ला उघडलं. मधली तेवीस वर्षं आणि दुरुस्तीचा भार सोसायला मालक गोंडलचं राजघराणं होतं. शिवाय आता तिथे संगीत, नाटक, कार्यक्रम असं बरंच चालतं. नुसत्या तिकिटांवर एवढा डोलारा उभा राहत नाही.

राहिलं आहे तसं चालवणं. यात खेळ रद्द झाला तरी विजेचा स्थिर आकार भरावाच लागतो, हे आधी वहीत लिहा. तिकिटाचा भाव शंभरपर्यंतच ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून शंभरपर्यंतच्या तिकिटाला जीएसटी ५ टक्के आहे, शंभरच्या वरच्या तिकिटाला १८. म्हणजे शंभरचं तिकीट प्रेक्षकाला १०५ ला पडतं आणि एकशे दहाचं १२९.८० ला. तुमच्या गल्ल्यात दहा रुपये जास्त, त्याच्या खिशातून जवळपास पंचवीस. चार जणांचं कुटुंब ही वजाबाकी खिडकीवरच करतं.

आम्ही पत्रे बदलले, बाल्कनीला कुलूप घातलं, स्टॉल तेवढा चालू ठेवला. भाव शंभर. काकांनी हिस्सा मागितला, तो हप्त्याने देतोय. अजून नऊ हप्ते बाकी आहेत.