भिंत थराथराने पाहायला शिकवणारा अभ्यासवर्ग

रत्नागिरीजवळच्या एका जुन्या चिरेबंदी घरात नुकत्याच झालेल्या दोन दिवसांच्या अभ्यासवर्गाला मी शुल्क भरून बसलो होतो. विषय होता जॉर्डनमधील पेत्रा या प्राचीन नगरीतील कस्र अल-बिंत या नबातियन, म्हणजे तिथे राजधानी असलेल्या प्राचीन अरब लोकांच्या, मंदिराच्या भिंतींची बांधणी. पेत्रा म्हटले की डोंगरात कोरलेले दर्शनी भागच डोळ्यांपुढे येतात. हे मंदिर मात्र घडीव वालुकाश्माचे थर रचून मोकळ्या जागेत उभारलेले आहे आणि त्याच्या भिंती आजही सुमारे २३ मीटर उंच उभ्या आहेत. दोन्ही दिवस वर्ग या भिंतींपासून ढळला नाही, हे मला सर्वाधिक आवडले.

पहिली सकाळ केवळ दगडावरच्या छिन्नीच्या खुणांना दिली होती. नबातियन पाथरवट दगडाच्या पृष्ठभागावर तिरप्या, समांतर रेघा सोडत. गावातल्या एका पाथरवटाने जांभ्याच्या चिऱ्यावर छिन्नीने तशाच रेघा काढून दाखवल्या. प्रत्येक घावासरशी जांभ्याचा चुरा पडे आणि रेघेची कड ढासळे. मी चिऱ्यावरून बोट फिरवले, तेव्हा बारीक कणांच्या वालुकाश्मावरच त्या इतक्या रेखीव का उमटतात, हे न सांगता कळले. मंदिराच्या भिंतींवर गिलाव्याचे नक्षीकाम होते, म्हणजे या रेघांचा बराचसा भाग त्याखाली झाकलेलाच असणार, हेही तिथेच लक्षात आले.

दुसऱ्या दिवशीचा विषय भिंतीत दगडांच्या थरांमध्ये आडव्या बसवलेल्या लाकडी तुळयांचा होता. इ.स. ३६३च्या भूकंपाने पेत्राचे मोठे नुकसान केले, तरी हे मंदिर बऱ्याच अंशी टिकले. त्याचे श्रेय या लाकडाला देणारे मत शिक्षकांनी सिद्ध झाल्याप्रमाणे मांडले. ते मत मलाही पटते, पण थरांची पातळी राखण्यासाठी किंवा बांधकाम चालू असताना भिंत आवळून धरण्यासाठीही तुळया घातल्या असतील, ही शक्यता मांडायलाच हवी होती. हातात दिलेल्या पुस्तिकेतील छायाचित्रांना मोजपट्टी नव्हती, त्यामुळे चिरा वीतभर आहे की हातभर, हे ठरवता येत नव्हते. बांधणीच्या अभ्यासात ही उणीव लहान नाही.

एवढे असूनही भरलेले शुल्क मला योग्य वाटले. वर्गात वास्तुरचनाकार बरेच होते, गवंडी मात्र एकही नव्हता. पुढच्या खेपेस गवंडीकाम करणाऱ्या तरुणांसाठी सवलतीचा दर ठेवावा, अशी विनंती मी आयोजकांना लेखी केली आहे.